घर विकायचंय, फोटो कसे काढायचे? दांडिया बाजारातलं जुनं घर आणि मांजलपूरचा फ्लॅट

दांडियाबाजारकर

दोन मालमत्ता विकायला काढायच्या आहेत, दोन्ही बडोद्यातच.

एक दांडिया बाजारातलं तीन मजली जुनं घर. दर्शनी रुंदी १४ फूट, उंची साधारण ३० फूट, तोंड उत्तरेला, समोर १० फुटांची गल्ली. दर्शनी भागाला लाकडी काम, आत ८ बाय ८ चा चौक. दुसरा मांजलपूरचा दोन बेडरूमचा फ्लॅट, दुसरा मजला, हॉल १२ बाय १६, पश्चिमेला गॅलरी, हॉलमध्ये झोपाळा.

जुन्या घराचे १९९० च्या आसपास एका दलालाने काढलेले पोस्टकार्ड आकाराचे काही प्रिंट घरात सापडले. घर मागे कलल्यासारखं दिसतं, चौक मिट्ट काळा, आणि आतल्या खोल्या चक्क हिरव्या. आता एक दलाल म्हणतो, मोबाईलवर आठ-दहा फोटो काढून व्हॉट्सअॅप करा, बास. दुसऱ्याने एचडीआर, ड्रोन, ३६० टूर, रील असं पॅकेज पुढे केलं आहे.

या तीस-पस्तीस वर्षांत नेमकं काय बदललं, आणि आज या दोन मालमत्तांसाठी खरंच लागतं काय? फ्लॅटचे फोटो स्वतःच मोबाईलवर काढायची तयारी आहे.

उभीरेघ

त्या प्रिंटमधले तीन दोष म्हणजे या कामातल्या तीन मूळ अडचणी. प्रत्येक काळाने त्या आपापल्या परीने सोडवल्या, पण संपवल्या कोणीच नाहीत. तिथूनच सुरू करतो.

घर मागे कललेलं. कॅमेरा वर उचलला की उभ्या रेघा वर जाताना एकमेकींकडे झुकतात. फिल्म किंवा सेन्सर भिंतीला समांतर असेल तरच त्या सरळ राहतात. पण कॅमेरा सपाट धरला तर वरचा मजला कापला जातो आणि खाली नुसता रस्ता येतो. व्ह्यू कॅमेऱ्यात, म्हणजे भात्याच्या मोठ्या कॅमेऱ्यात, यावर उपाय होता: मागची फिल्म उभी ठेवायची आणि पुढची लेन्सची पाटी तेवढी वर सरकवायची. ४ बाय ५ इंचाची शीट फिल्म, ९० मिमीची लेन्स (आजच्या फुल फ्रेमच्या, म्हणजे ३६ बाय २४ मिमी सेन्सरच्या हिशेबात साधारण २६ मिमी; मिमीचा आकडा लहान तितका कोन रुंद), डोक्यावर काळं कापड आणि दुधी काचेवर उलटी दिसणारी प्रतिमा. ३५ मिमीच्या कॅमेऱ्याला ही सोय १९६२ मध्ये निकॉनच्या ३५ मिमी पीसी-निक्कोर लेन्सने दिली, ती ११ मिमी सरकायची. इमारतीला ती चालायची, खोलीत तिचा कोन अपुरा पडायचा. १९९१ मध्ये कॅननची अशीच सरकती २४ मिमी टीएस-ई लेन्स आली आणि २००९ मध्ये १७ मिमीची, जी १२ मिमी सरकते. या लेन्स महाग, त्यामुळे पंचतारांकित हॉटेलं, मोठे बिल्डर आणि वास्तुविशारदांची मासिकं एवढ्यांपुरत्याच राहिल्या. तुमच्या घराचे फोटो साध्या ३५ मिमी कॅमेऱ्याने, गल्लीत उभं राहून, कॅमेरा वर करून काढलेले दिसताहेत.

२०१३ मध्ये लाइटरूम ५ या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये 'अपराइट' आलं आणि एका बटणावर रेघा सरळ होऊ लागल्या. पण ते फुकट मिळत नाही. चित्राचा वरचा भाग ताणून रुंद केला जातो, म्हणून तिथला तपशील पातळ होतो आणि बाजूचे तुकडे कापावे लागतात. कॅमेरा दहा-बारा अंशांपेक्षा जास्त वर असेल तर सरळ केलेलं घर वरून जड दिसू लागतं. सॉफ्टवेअरला दोन-तीन अंशांचीच दुरुस्ती ठेवावी, बाकीचं काम ट्रायपॉडवर उरकावं.

चौक काळा. उन्हातला भाग आणि आतली सावली यांत सहज सहा ते आठ स्टॉपचा फरक पडतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). स्लाइड फिल्म जेमतेम पाच-सहा स्टॉप धरायची. निगेटिव्हला त्याहून बरंच जास्त जमायचं, पण प्रिंटच्या कागदावर ते उतरायचं नाही. मग फिल्मवाले काय करत? एक तर संध्याकाळची वाट बघत, बाहेरचा प्रकाश आतल्याइतका उतरेपर्यंत. किंवा कॅमेरा घट्ट बांधून एकाच फिल्मवर दोन वेळा प्रकाश देत: आधी दिवे बंद ठेवून खिडकीसाठी छोटं एक्सपोजर, मग खिडकीवर बाहेरून काळं कापड टाकून आतल्या दिव्यांसाठी मोठं. किंवा खिडकीच्या काचेला राखाडी जेलचा कागद चिकटवत. त्याआधी पोलरॉइडवर चाचणी, आणि सेकंदाच्या पुढच्या एक्सपोजरला फिल्मची संवेदनशीलता घसरते म्हणून वेळ आणखी वाढवायचा. एका खोलीला दोन-दोन तास लागायचे ते यामुळे. आज ट्रायपॉडवर दोन-दोन स्टॉपच्या अंतराने पाच फ्रेम काढून एकत्र केल्या की तेच काम मिनिटात होतं, यालाच एचडीआर म्हणतात. लाइटरूममध्येच एकत्र करायची सोय २०१५ मध्ये आली.

खोल्या हिरव्या. हे ट्यूबलाइटचं काम. जुन्या ट्यूबच्या प्रकाशात हिरव्याचा भाग जास्त असायचा. डोळा जुळवून घेतो, दिवसाच्या उजेडासाठी बनवलेली डेलाइट फिल्म घेत नाही. उपाय म्हणजे लेन्सवर एफएल-डी किंवा मॅजेंटा ३० चा गुलाबी छटेचा फिल्टर. पण त्याच खोलीत खिडकीतून दिवसाचा उजेड येत असेल तर खिडकी गुलाबी व्हायची. आज व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा रंग पांढरा दिसावा म्हणून करायची जुळणी, बटणावर आहे, तरी ही अडचण जिवंत आहे. छताच्या पट्टीत ३००० केल्व्हिनचा पिवळा एलईडी, मध्ये ६५०० चा पांढरा बल्ब आणि बाजूला खिडकी, असे तीन रंग एका फ्रेममध्ये आले की कुठलंच सॉफ्टवेअर भिंत एकसारखी पांढरी करत नाही. दिवसा फोटो काढताना दिवे सगळे बंद ठेवा. अर्धे चालू आणि अर्धे बंद हा सगळ्यात वाईट पर्याय.

वाघोडियारोड_इस्टेट

वर तंत्र छान सांगितलं आहे. दलालाच्या बाजूचं सांगतो, कारण फोटो चांगला निघण्यापेक्षा त्याचं काम काय हे जास्त बदललं आहे.

आधी घराच्या जाहिरातीत फोटोच नसायचा. वर्तमानपत्राच्या टचुकड्या जाहिरातीत पैसे शब्दांवर, म्हणून 'दांडिया बाजार, ३ मजली, वीज-पाणी, स्वतंत्र, मध्यस्थ नको' एवढंच. फोटो छापायचा म्हटलं तरी वर्तमानपत्राच्या कागदावर इंचाला ६५ ते ८५ रेघांची ठिपक्यांची जाळी वापरत. म्हणजे दोन इंच रुंद चित्रात आडवे फार तर १७० ठिपके. त्यात घर आणि गोदाम यांत फरक कळत नाही. म्हणून बिल्डर चित्रकाराकडून रंगवलेला पर्स्पेक्टिव्ह करून घेत आणि साइटच्या बोर्डावर लावत. फोटोची खरी जागा गुळगुळीत आर्ट पेपरच्या ब्रोशरमध्ये, तिथे जाळी १५० च्या पुढची. पुढे पर्स्पेक्टिव्हची जागा थ्रीडी रेंडरने घेतली. त्यात वाघोडिया रोडवर खजुराची झाडं आणि परदेशी गाड्या दिसतात, हा वेगळा विनोद.

जुन्या घरांसाठी दलालाच्या पेढीवर अल्बम असायचा. गिऱ्हाईक आलं की पानं उलटायची आणि स्कूटरवर बसवून दाखवायला न्यायचं. फोटोचं काम एवढंच की माणूस उठून बघायला यावा. घरांच्या जाहिरातींची पोर्टल आली, ९९ एकर्स २००५ मध्ये आणि मॅजिकब्रिक्स २००६ मध्ये, मग मोबाईल आला, आणि काम उलटं झालं. आता लोक फोटो बघतात ते घर यादीतून काढून टाकण्यासाठी. अमेरिकेत किंवा पुण्यात बसलेला मुलगा तीस घरांतून पाच निवडतो आणि बडोद्यातले आई-वडील तेवढीच बघून येतात. तुमच्या फोटोत संडास दिसला नाही तर तो वाईट असणार असं धरून चालतात.

दुसरी गोष्ट स्ट्रीट व्ह्यू, म्हणजे गूगल मॅपवर दिसणारे रस्त्यावरचे फोटो. गूगलने २०२२ च्या जुलैत भारतात जी पहिली दहा शहरं घेतली त्यात बडोदा होतं. तेव्हापासून गिऱ्हाईक आधी मोठ्या रस्त्यावरून नजर टाकून येतं आणि मग फोन करतं. शेजारचा गाड्यांचा गॅरेज तुम्ही फ्रेमबाहेर ठेवलात म्हणून लपत नाही.

म्हणून माझ्याकडे फोटोंचा क्रम ठरलेला आहे. फ्लॅटला पहिला हॉल, इमारतीचा दर्शनी भाग नाही, कारण सोसायट्या सगळ्या सारख्याच दिसतात. मग गॅलरीकडून उलट हॉल, स्वयंपाकघराचा ओटा, दोन्ही बेडरूम, दोन्ही बाथरूम, गॅलरीतून बाहेरचं दृश्य, जिना किंवा लिफ्ट, पार्किंगची नेमकी जागा, शेवटी मोजमाप लिहिलेला नकाशा. बारा ते पंधरा पुरे. एकाच खोलीचे सहा फोटो टाकले तर लोक मध्येच सोडतात. प्रत्येकाखाली दिशा लिहा: 'हॉल, पश्चिमेकडे तोंड करून'. आमच्याकडे वास्तूवरून पहिला प्रश्न येतोच. तो फोनवर दहा वेळा सांगण्यापेक्षा लिहिलेला बरा.

जुन्या घराचं उलट. तिथे घर घेणाराच बहुतेक दुरुस्तीच्या हिशेबाने बघतो. त्याला तुळयांची भिंतीत शिरणारी टोकं, जिन्याची चढण, गच्चीची चायना मोझॅक, नळ-ड्रेनेज कुठे, गल्लीत टेम्पो येतो का, हे हवं असतं. नुसतं कोरीव दार दाखवून बघायला बोलावलं तर त्याच्याही फेऱ्या आणि तुमच्याही.

पाठीमागे_भिंत

दर्शनी भागाचा हिशेब कागदावर करून बघू, म्हणजे पॅकेजवाल्याला काय विचारायचं ते कळेल.

सूत्र सोपं आहे. चित्रात मावणारी उंची = सेन्सरची उभी बाजू ÷ लेन्सची फोकल लांबी × अंतर. फुल फ्रेम कॅमेरा उभा धरला तर उभी बाजू ३६ मिमी.

गल्ली १० फूट. समोरच्या भिंतीला पाठ टेकली तरी अंतर साडेनऊच, सोयीसाठी १० धरू. १६ मिमीची लेन्स सपाट धरली तर ३६ ÷ १६ × १० = साडेबावीस फूट, त्यातलं अर्धं कॅमेऱ्याच्या वर. कॅमेरा ५ फुटांवर असेल तर वर १६ फुटांपर्यंतच दिसेल. १७ मिमीची सरकती लेन्स १२ मिमी वर नेली तर कॅमेऱ्याच्या वर (१८ + १२) ÷ १७ × १० = साडेसतरा फूट, अधिक ५, म्हणजे साडेबावीस फूट. तिसरा मजला राहिलाच. एवढ्या महागड्या लेन्सनेही या गल्लीतून तुमचं घर एका फ्रेममध्ये मावत नाही. मागे कललेले जुने फोटो नुसत्या निष्काळजीपणाचे नव्हते.

मार्ग तीन. पहिला: समोरच्या घराच्या मधल्या मजल्याच्या गॅलरीतून, म्हणजे कॅमेरा १५ फुटांवर. १६ मिमीने आता वर आणि खाली सव्वाअकरा फूट मिळतात, म्हणजे ४ ते २६ फुटांपर्यंत. राहिलेलं वर-खाली एक-एक फ्रेम घेऊन जोडा. फ्रेममध्ये निदान एक तृतीयांश भाग सामाईक हवा. लाकडी कठड्याच्या नक्षीत जोडणी चुकली की लगेच कळतं, म्हणून सांधा कोऱ्या भिंतीवर येऊ द्या. दुसरा: गल्लीतच २५-३० फूट बाजूला जाऊन तिरका फोटो. उंची मावते, गल्लीची रुंदी खरी कळते, शेजारी चिकटून आहे की मोकळं हेही दिसतं. विक्रीसाठी मी हाच पहिला ठेवीन. तिसरा: आख्खं घर दाखवायचा हट्टच सोडा. ओटा, दार आणि पहिल्या मजल्याचं लाकडी काम एवढंच सरळ समोरून घ्या.

वेळेचंही पाहा. तोंड उत्तरेला आहे आणि बडोदं २२.३ उत्तर अक्षांशावर. सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चपर्यंत या भिंतीवर थेट ऊन पडतच नाही. जूनमध्ये सूर्य दुपारी जवळजवळ डोक्यावर असतो, ऊन भिंतीला घासून जातं आणि नक्षीच्या लांब काळ्या सावल्या खाली लोंबतात. पातळ ढगाळ दिवस किंवा सूर्यास्तानंतरची पंधरा ते पंचवीस मिनिटं, आतले दिवे लावून. चौकात हिवाळ्यात दुपारी सूर्य क्षितिजापासून ४४ अंशांवर, म्हणजे ८ फुटांच्या चौकात ऊन भिंतीवर वरून सुमारे ८ फूटच उतरतं आणि खाली अंधार राहतो. डोळ्यांना सुंदर दिसतं, कॅमेऱ्याला नाही. ऊन चौकात शिरायच्या आधी, सकाळी काढा.

फ्लॅशवाला

एचडीआरबद्दल थोडा मतभेद. पाच फ्रेम आपोआप एकत्र केल्या की सावल्याच जातात. पांढऱ्या भिंती मळकट राखाडी होतात, छताच्या कडेला प्रभा उमटते आणि लाकूड प्लास्टिकसारखं दिसतं. पोर्टलवरचे निम्मे फोटो असेच आहेत, आणि लोकांना त्याचीच सवय झाली आहे हे वाईट.

त्यापेक्षा तीन फ्रेम. पहिली नैसर्गिक उजेडात, खोलीसाठी: एफ/८, आयएसओ २०० ते ४००, शटर जे येईल ते. दुसरी फ्लॅश मागच्या भिंतीवर किंवा छतावर आपटवून, म्हणजे रंग खरे येतात. रंगीत भिंतीवर आपटवू नका, सगळी खोली त्या रंगाची होते. तिसरी खिडकीसाठी गडद, जिच्यातून फक्त बाहेरचं दृश्य उचलायचं. थरांमध्ये पहिलीचा उजेड, दुसरीचा रंग, तिसरीची खिडकी. बाहेरचं आतल्यापेक्षा थोडं उजळ ठेवा. खिडकीत चित्र चिकटवल्यासारखं दिसलं तर गिऱ्हाईकाला शंका येते.

आणि झोपाळा! अर्ध्या सेकंदाच्या एक्सपोजरला किंवा एकत्र करायच्या फ्रेममध्ये तो हलका हलला तरी कड्या दुहेरी दिसतात. खालून स्टुलावर टेकवा, पूर्ण थांबू द्या, मग स्टूल काढून दोन सेकंदांच्या टायमरवर. पंखे बंद.

दांडियाबाजारकर

सगळ्यांचे आभार. समोरच्यांची गॅलरी मिळेल. आणखी तीन प्रश्न. जुन्या घराच्या दारासमोरच विजेची डीपी आहे आणि तारांवर उतरायणातले पतंग अजून लटकताहेत. फोटोवाला म्हणतो एआयने दोन्ही पुसून टाकतो. फ्लॅटच्या गॅलरीच्या भिंतीला ओल आहे, तीही 'साफ' करतो म्हणाला. ड्रोनचं काय करू? आणि फ्लॅटसाठी मोबाईलच्या पायऱ्या कोणी सांगाल का?

सातबारा_ते_दस्तावेज

पतंग पुसा. डीपी आणि ओल पुसू नका.

माझा नियम असा: विकणारा जी वस्तू जाताना घेऊन जाईल किंवा जी महिन्याभरात आपोआप जाईल, ती पुसायला हरकत नाही. पतंग, उभी स्कूटर, दोरीवरचे कपडे, कचऱ्याची बादली. जे घेणाऱ्याच्या वाट्याला येणार, ते ठेवायचं: खांब, डीपी, तारा, शेजारची भिंत, तडा, ओल, समोरच्या इमारतीची उंची. आकाश ढगाळचं निळं केलं तर कोणी कोर्टात जाणार नाही, पण उत्तरेच्या भिंतीवर दुपारचं ऊन टाकलं तर दिशेबद्दलच खोटं बोलल्यासारखं होतं.

हे नुसतं सज्जनपणाचं नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२, कलम ५५(१)(अ): घेणाऱ्याला सामान्य दक्षतेने न कळणारा आणि विकणाऱ्याला माहीत असलेला मोठा दोष उघड करणं विकणाऱ्यावर बंधनकारक. ओल डोळ्यांना दिसते, ती लपून राहणारा दोष नाही, असा युक्तिवाद होऊ शकतो. पण फोटोत पुसली आणि वर डिस्टेंपर मारला, की तो युक्तिवाद स्वतःच्या हाताने संपवला. बिल्डरांसाठी रेरा (स्थावर मालमत्ता नियमन कायदा) २०१६ चं कलम १२ आणखी कडक आहे: जाहिरातीतल्या किंवा नमुना सदनिकेतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरले तर नुकसानभरपाई, किंवा व्याजासह पैसे परत. नव्या प्रकल्पाच्या जाहिरातीत नोंदणी क्रमांक आणि प्राधिकरणाच्या संकेतस्थळाचा पत्ता ठळक हवा. तुमच्यासारख्या जुन्या मालमत्तेच्या वैयक्तिक विक्रीला ही कलमं लागत नाहीत, ५५ लागतं.

फर्निचर एआयने भरायचं असेल तर त्याच कोनातला रिकामा फोटोही शेजारी द्या आणि चित्रावरच 'काल्पनिक सजावट' लिहा. एआय पलंग लहान काढतं, ही त्यातली मेख. १० बाय १० च्या खोलीत डबल बेड, दोन साइड टेबल आणि खुर्ची आरामात बसलेली दिसते. खरा ६ बाय साडेसहाचा बेड ठेवला की कपाटाचं दार उघडत नाही.

नकाशात कार्पेट एरिया लिहा, सुपर बिल्ट-अप नको. रेराच्या व्याख्येत आतल्या पार्टिशनच्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, शाफ्ट, गॅलरी आणि उघडी गच्ची धरत नाहीत. लायडारच्या (लेझरने अंतर मोजणाऱ्या सेन्सरच्या) मोबाईलने काढलेला नकाशा आरसा आणि काचेच्या दाराशी फसतो, म्हणून दोन मोठ्या भिंती टेपने तपासा.

ड्रोन: २०२१ च्या ड्रोन नियमांत विमानतळाभोवतीचे पट्टे ठरलेले आहेत. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवताच येत नाही. पाच ते आठ किलोमीटरचा पट्टा पिवळा, म्हणजे एअर ट्रॅफिक कंट्रोलची परवानगी. हरणीचा विमानतळ शहराला चिकटून आहे, आणि मकरपुऱ्याला हवाई दल. 'छोटाच आहे, कोण बघतं' म्हणणाऱ्याला डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा त्या दिवसाचा नकाशा दाखवायला सांगा. खरं तर दोन्ही मालमत्तांना ड्रोन लागतच नाही. वरून दिसण्यासारखं असतं ते भायली-वासण्याच्या बाजूच्या प्लॉटला, रस्ता आणि हद्द दाखवायला. गच्चीसाठी पंधरा फुटांचा रंगाऱ्याचा दांडा, टोकाला मोबाईल आणि ब्लूटूथचं बटण पुरे.

उभीरेघ

आता फ्लॅट, मोबाईलवर.

०.५ चं बटण विसरा. बहुतेक फोनमध्ये ती १३ मिमीच्या आसपासची लेन्स असते, आडवा कोन शंभर अंशांच्या पुढे. कडेची गोल वस्तू मध्यापासूनच्या कोनाच्या हिशेबाने ताणली जाते: २४ मिमीच्या कडेला सव्वापट, १६ ला दीडपट, १३ ला १.७ पट. कोपऱ्यातला पाण्याचा माठ आडवा झोपल्यासारखा दिसतो आणि बारा फुटांचा हॉल वीस फुटांचा. बघायला आलेला माणूस दारातच 'लहान आहे हो' म्हणतो, आणि पुढचं सगळं त्या नाराजीतून बघतो. मुख्य १ ची लेन्स वापरा, ती २४ ते २६ मिमीची असते. सेन्सरही मोठा, म्हणून सावलीत दाणे कमी. ती खोलीत अपुरी वाटली तर दाराबाहेर पॅसेजमध्ये उभं राहून आत बघा. बाथरूमपुरतं ०.५ चालवून घ्या, तेही कडेला गोल काही न ठेवता.

ट्रायपॉड लावा, साधा चालेल. कॅमेऱ्यात ग्रिड आणि लेव्हल चालू करा. उंची हॉल-बेडरूममध्ये चार ते सव्वाचार फूट. डोळ्याच्या उंचीवरून काढलं की फरशी आणि छत दोन्ही चुकीच्या प्रमाणात येतात. स्वयंपाकघरात ओट्यापेक्षा फूटभर वर, म्हणजे ओट्याचा पृष्ठभाग दिसेल पण वरच्या कपाटांचा तळ दिसणार नाही. कोपऱ्यातून काढताना दोनच भिंती दाखवा. तिसरी भिंत आली की खोली बोगद्यासारखी होते.

वेळ सकाळी नऊ ते अकरा. गॅलरी पश्चिमेला आहे, म्हणजे तेव्हा सूर्य तुमच्या इमारतीच्या मागे, बाहेरचं दृश्य समोरून उजळलेलं आणि हॉलमध्ये मऊ उजेड. तीन-चारनंतर त्याच गॅलरीतून ऊन थेट आत येतं, विट्रिफाइड टाइल्सवर पांढरा पट्टा पडतो आणि फोनचं एचडीआर हात टेकतं. बोट उजळ भागावर दाबून फोकस-एक्सपोजर लॉक करा आणि उजेड किंचित कमी ठेवा. सावली नंतर उचलता येते, जळालेली खिडकी येत नाही.

दिवे लावूनच काढायची वेळ आली, म्हणजे खिडकी नसलेल्या बाथरूममध्ये, तर प्रो मोडला शटर १/५० किंवा १/१००. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला शंभरदा लुकलुकतो. दुसरा वेग ठेवला की स्वस्त एलईडीखाली काळ्या आडव्या पट्ट्या येतात.

३६० टूर हवीच असेल तर फ्लॅटची करा, जुन्या घराची नको. अरुंद जिन्यात सांधे फाटतात. कॅमेरा खोलीच्या मध्यावर, पाच फुटांच्या आत, सगळी दारं उघडी, प्रत्येक खोलीत एक आणि प्रत्येक दारात एक, म्हणजे पुढे जाताना उडी बसत नाही. आरशात स्टँड दिसतो का ते आधी बघून घ्या.

वाघोडियारोड_इस्टेट

ओलीचा फोटो जवळून एक आणि लांबून एक असे दोन द्या, खाली वरच्या गॅलरीची गळती की पाइप ते लिहा, आणि दुरुस्तीचा अंदाज काढून ठेवा. किमतीत घासाघीस तिथेच होते, म्हणून आकडा आधी आपल्या हातात असावा.

काढण्याआधी फ्रेममधून पाटीवरची नावं, लाइट बिल, देवघराशेजारची तिजोरी, मुलांचे शाळेचे फोटो आणि गाडीचा नंबर बाजूला करा. रिकाम्या घराच्या कुलपाचा आणि ग्रिलचा जवळून फोटो टाकू नका. मूळ फाइलमध्ये जागेचं लोकेशन असतं, ते पाठवताना काढून टाका. आणि दलालाला व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाहीतर फाइल एकदा तिथे दबते, पोर्टलवर चढताना पुन्हा दबते, आणि दांडिया बाजारातली लाकडी नक्षी चिखलासारखी दिसते.

दांडियाबाजारकर

समोरच्यांना विचारलं, रविवारी सकाळी गॅलरी देताहेत. ढग असले तर तेव्हाच, नाहीतर संध्याकाळी दिवे लावून. फोटोवाल्याला ड्रोन आणि एआय सोडून बाकीचा दर द्यायला सांगितलं आहे, आणि १६ मिमीने मधल्या मजल्यावरून तीन फ्रेम जोडून देणार का, तेही.

पाठीमागे_भिंत

जोडायच्या तिन्ही फ्रेमना व्हाइट बॅलन्स आणि एक्सपोजर हाताने एकच ठेवायला सांगा. ऑटोवर ठेवलं तर आकाश असलेली वरची फ्रेम गडद निघते, आणि सांध्यावर रंगाचा पट्टा उमटतो.